३५४ चौकटींचा माणूस

दोस्तांनो, आज आपल्याला एक गुन्हेगार शोधायचा आहे. गुन्हा तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. डॉक्टर आजोबांच्या दंडाला पट्टा गुंडाळतात, फुसफुस करून हवा भरतात आणि म्हणतात, "मीठ जरा कमी करा, बीपी वाढलंय." शेजारच्या काकू रोज सकाळी न चुकता एक गोळी घेतात, तीही बीपीचीच. बीपी म्हणजे ब्लडप्रेशर, आपल्या मराठीत रक्तदाब.

आता डॉक्टरांना विचारून बघा, "पण डॉक्टर, आजोबांचं बीपी वाढलं कशामुळे?" वय, मीठ, वजन, आईवडिलांकडून आलेला वारसा अशी चार-पाच नावं ते सांगतील. पण शंभरातल्या नव्वदहून जास्त रुग्णांच्या बाबतीत "हेच ते कारण" असं एकाकडे बोट दाखवता येत नाही!

आहे की नाही गंमत? रक्तदाब मोजायला तर माणूस केव्हाच शिकला. इंग्लंडमधले स्टीफन हेल्स हे पाद्री होते आणि शास्त्रज्ञही. त्यांनी एका घोडीच्या धमनीला लांबलचक काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फुटांहून उंच चढलं! ही हकिकत त्यांनी १७३३ साली छापली. माणसाच्या दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली आणला. म्हणजे मोजमाप सोपं झालं, पण कारण मात्र हुलकावणी देतच राहिलं.

आणि ही काही नुसती कोड्याची गोष्ट नाही, बरं का. २०१९ साली जगातल्या ३० ते ७९ वर्षांच्या सुमारे १२८ कोटी माणसांचा रक्तदाब जास्त होता आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. कारण वाढलेला दाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. तो आतल्या आत हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडं यांना इजा करत राहतो.

चला तर मग, संशयितांना रांगेत उभं करू.

अंगणातल्या झाडांना पाणी घालायची रबरी नळी डोळ्यांसमोर आणा. तिच्यातला दाब कसा वाढेल? एक, नळ जास्त सोडला तर. दोन, नळीचं तोंड बोटाने दाबलं तर. तीन, गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी वाढली तर. शरीरातही अगदी असंच आहे. नळ म्हणजे आपलं हृदय. नळी म्हणजे धमन्या, त्या आवळतात आणि सैलावतात. आणि टाकीची पातळी म्हणजे अंगातलं मीठ-पाणी. ती ठरवतात कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला असलेली आपली दोन मूत्रपिंडं. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी ती रक्तातून गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात सोडतात आणि दीड-दोन लिटर तेवढं लघवीवाटे बाहेर टाकतात.

चौथा संशयित म्हणजे मेंदू. हा पहारेकरी! मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत त्याने आपले हेर बसवलेले आहेत. तुम्ही अंथरुणातून ताडकन उठलात की रक्त पायांकडे धाव घेतं. हेर लगेच वर्दी देतात आणि मेंदू क्षणात हृदयाला व धमन्यांना हुकूम सोडतो. म्हणून आपण रोज सकाळी चक्कर येऊन पडत नाही.

चौघांपैकी गुन्हेगार कोण?

अडचण अशी की हे चौघे एकमेकांच्या हातात हात अडकवून उभे आहेत. एकाला ओढलं की चौघेही हलतात. दाब वाढला तर मूत्रपिंड जास्त पाणी सोडतं, पाणी कमी झालं की हृदयाकडे कमी रक्त येतं, तेवढ्यात मेंदू धमन्या आवळतो, त्याने पुन्हा दाब बदलतो... डोकं गरगरायला लागलं ना? शास्त्रज्ञांचंही तेच होत होतं. एवढी गुंतागुंत एकट्या डोक्यात मावत नाही.

इथे आपल्या गोष्टीत येतात डॉक्टर आर्थर गायटन. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात १९१९ साली त्यांचा जन्म झाला. वडील डोळ्यांचे डॉक्टर, आई गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलेली. आर्थरला लहानपणापासून यंत्रांची उलटापालट करायचा नाद होता. पण व्हायचं होतं सर्जन, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. ते शिक्षण चालू असतानाच, १९४६ साली, त्यांना पोलिओने गाठलं. त्यामुळे अंगात कायमचा अधूपणा आला. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी तासन् तास उभं राहणं आता शक्य नव्हतं.

दुसरा एखादा खचून गेला असता. गायटन यांनी आजारपणातच हातात कागद-पेन्सिल घेतली. नुसती एक दांडी हलवून चालवता येणारी विजेवरची चाकाची खुर्ची त्यांनी तयार केली. रुग्णाला उचलून ठेवणारं यंत्र केलं. मग ते आपल्या राज्यात परतले आणि शरीर कसं चालतं याचा अभ्यास करू लागले. त्या शास्त्राला शरीरक्रियाशास्त्र म्हणतात. त्यांनी लिहिलेलं पाठ्यपुस्तक १९५६ साली निघालं आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अजूनही निघतात. तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टरकाका किंवा डॉक्टरमावशी असतील, तर त्यांच्यासमोर नुसतं "गायटन" म्हणून बघा. कॉलेजच्या पहिल्या वर्षीचं ते जाडजूड पुस्तक त्यांना लगेच आठवेल!

गायटन यांच्या मनात आलं, यंत्राचा नकाशा काढता येतो, तर शरीराच्या रक्ताभिसरणाचा का नाही? थॉमस कोलमन आणि हॅरिस ग्रेंजर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी असा नकाशा १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात चौकटीच चौकटी होत्या, एकूण ३५४! बाणांनी एकमेकींना जोडलेल्या. लांबून बघितलं तर रेडिओच्या आतल्या तारांचं चित्र वाटावं. प्रत्येक चौकटीत छोटं छोटं गणित होतं. उदाहरणार्थ, "धमनीत एवढा दाब असेल, तर मूत्रपिंड एका मिनिटाला एवढं पाणी बाहेर टाकेल." एका चौकटीचं उत्तर बाणावरून पुढच्या चौकटीत जायचं.

ही सगळी गणितं संगणकाला दिली की झाला एक आकड्यांचा माणूस तयार. त्याला हाडं नाहीत, मांस नाही, पण रक्तदाब आहे! याला म्हणायचं संगणकावरचं मॉडेल. याचा फायदा काय? जे प्रश्न खऱ्या माणसाला विचारता येत नाहीत, ते याला बिनधास्त विचारता येतात. "तुझ्या सगळ्या धमन्या आवळल्या तर?" "तुझी मूत्रपिंडं अर्धी काढून घेतली तर?" महिन्याभराने काय होईल ते संगणक भराभरा आकडेमोड करून सांगतो. कुणाला इजा नाही, कुणाला इंजेक्शन नाही.

"आमच्याकडे कुठे आहे असा संगणक?" असं म्हणू नका. एक वही आणि पेन्सिल घ्या. ३५४ नाही, आपण तीनच नियमांचा माणूस बनवू. यातले आकडे खेळापुरते आहेत, पण खेळ खरा आहे.

नियम पहिला: आपला माणूस रोज १० मापं मीठ खातो.

नियम दुसरा: दाब १०० असेल तर मूत्रपिंड रोज १० मापं मीठ बाहेर टाकतं. दाब १ ने वाढला की १ माप जास्त, १ ने उतरला की १ माप कमी.

नियम तिसरा: दिवसाच्या शेवटी जेवढी मापं अंगात उरली, त्याच्या निम्म्याने दाब वाढतो. (मीठ पाणी धरून ठेवतं ना!) उलट अंगातलं मीठ घटलं, तर तेवढ्याच हिशेबाने दाब उतरतो.

सुरुवातीला दाब १००. आत १०, बाहेर १०. सगळं आलबेल.

आता याला रोज १४ मापं मीठ देऊ. पहिल्या दिवशी आत १४, बाहेर १०, उरली ४. दाब झाला १०२. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाने १२ टाकली, उरली २. दाब १०३. तिसऱ्या दिवशी बाहेर १३, उरलं १, दाब १०३.५. पुढे पुढे वाढ लहान होत जाते आणि दाब १०४ च्या उंबरठ्यावर थांबतो. तिथे आत १४ आणि बाहेरही १४.

दुसरा प्रयोग. मीठ पुन्हा १०. दाब १०० असताना याच्या धमन्या अचानक आवळू आणि आवळलेल्याच ठेवू. समजा, त्याने दाब एकदम ११० झाला. आता मूत्रपिंड किती टाकेल? २०! आत तर फक्त १० आली. अंगातली १० मापं घटली, म्हणून दाब ५ ने उतरला, झाला १०५. दुसऱ्या दिवशी बाहेर १५, दाब १०२.५. मग १०१.२५. आणि असं करत करत गाडी पुन्हा १०० च्या जवळ! धमन्या अजून आवळलेल्याच आहेत, पण मूत्रपिंडाने टाकीतलं पाणी कमी करून दाब खाली आणला.

तिसरा प्रयोग. आता मूत्रपिंड थोडं आळशी करू. दाब १ ने वाढला की ते फक्त अर्धं माप जास्त टाकेल. दाब १०० पासून सुरुवात करा आणि रोज १४ मापं मीठ द्या. १०२, १०३.५, १०४.६... वहीचं पान उलटा, पण दाब चढतच राहील, थेट १०८ च्या घरापर्यंत. आणि मीठ १४ मापं आहे तोवर तिथून खाली येणार नाही.

शाबास! तुम्ही आत्ता जे बघितलं, तेच गायटन यांच्या संगणकाने मोठ्या प्रमाणावर दाखवलं. धमन्या आवळा, हृदय पळवा, मूत्रपिंड धडधाकट असेल तर काही दिवसांत ते दाब पूर्वपदावर आणतं. दाब कायमचा वाढायचा असेल, तर मूत्रपिंडाचं काहीतरी बिघडलेलं असलंच पाहिजे. म्हणजे संशयित क्रमांक तीन!

पण संगणक म्हणाला म्हणून खरं मानायचं का? मुळीच नाही. कोलमन आणि गायटन यांनी १९६९ साली कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कुत्र्यांच्या मूत्रपिंडांचा सुमारे ७० टक्के भाग काढून टाकला आणि त्यांना खारं पाणी दिलं. आधी अंगातलं पाणी वाढलं आणि हृदय जास्त रक्त ढकलू लागलं. काही दिवसांनी हृदय जवळपास नेहमीसारखं झालं, पण तोवर धमन्या आवळल्या होत्या आणि दाब चढलेलाच राहिला होता. म्हणजे बघा, एखादा डॉक्टर उशिरा पोहोचला असता तर म्हणाला असता, "गुन्हेगार धमन्या!" कारण खरा चोर तोवर पसार झालेला. चित्रपट शेवटून बघितला की असंच होतं.

१९८३ साली तर माणसांतला पुरावा आला. वाढलेल्या रक्तदाबाने सहा रुग्णांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. ज्यांचा रक्तदाब नेहमीसारखा होता अशा दात्यांची मूत्रपिंडं त्यांना बसवली. सहाही जणांचा रक्तदाब ताळ्यावर आला आणि पुढे काही वर्षं तसाच राहिला!

खटला संपला? थांबा. आपल्या वहीकडे पुन्हा एकदा बघा. दुसरा नियम कुणी लिहिला? आपणच! "दाब वाढला की मूत्रपिंड जास्त टाकेल" हे आपणच ठरवलं आणि मेंदूला तर नियमच दिला नाही. मग मूत्रपिंड जिंकलं यात नवल ते काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संगणकाचंही तसंच आहे. त्याची आकडेमोड चुकत नसेल, पण चौकटीत काय भरायचं ते माणूस ठरवतो. गायटन यांच्या नकाशात मेंदूला जागा होती, पण पहारेकऱ्याची नोकरी थोड्या दिवसांची धरली होती. दाब बरेच दिवस चढलेला राहिला की हेरांना त्याची सवय होते, असं मानलं होतं.

या मताला १९७३ साली बळ मिळालं. गायटन यांच्याच विद्यापीठात ॲलन काउली यांनी कुत्र्यांच्या हेरांच्या तारा तोडल्या. दाब दिवसभर झोके घेऊ लागला, पण चोवीस तासांची सरासरी फारशी बदलली नाही. पण पुढे २००४ साली, त्याच विद्यापीठात, थॉमस लोहमायर यांनी उलटा प्रयोग केला. हेरांना विजेने सतत डिवचत ठेवलं. आणि आठवडाभर दाब उतरलेलाच राहिला! म्हणजे पहारेकरी वाटला होता तेवढा विसरभोळा नाही तर.

मग २०१४ साली नॉर्वे आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी नवं मॉडेल मांडलं. त्यांचं म्हणणं ऐका. हेर काही खरा दाब मोजत नाहीत, धमनीची भिंत किती ताणली ते मोजतात. आता पातळ फुगा आणि सायकलचा जाड टायर आठवा. थोडी हवा भरली तरी फुगा टम्म फुगतो, टायर मात्र कितीतरी जास्त दाबालाही फारसा फुगत नाही. वय वाढतं तशी मोठी धमनी कडक होते, फुग्याची टायर होत जाते. दाब चढला तरी भिंत ताणत नाही. हेर मेंदूला सांगतात, "सब ठीक है!" आणि मेंदू निवांत बसतो. नॉर्वेतल्या हजारो लोकांच्या नोंदींशी त्यांनी आपले आकडे ताडून पाहिले. वयाबरोबर चढणारा रक्तदाब एवढ्या एका कारणानेही समजावता येतो, मूत्रपिंडात आधी बिघाड असायलाच हवा असं नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

घ्या! दोन मॉडेलं, दोन गुन्हेगार, आणि दोन्हींचं गणित जुळतंय.

काही जण म्हणतील, मग या संगणकाचा उपयोग काय? उपयोग हाच की आता भांडण मोघम राहिलं नाही. "मला असं वाटतं" म्हणणाऱ्याला आपलं म्हणणं समीकरणात लिहावं लागतं आणि मग दोन मतं नेमकी कुठे वेगळी होतात ते दिसतं. धमनी दोषी असेल, तर दाब वाढण्याआधी ती कडक झालेली दिसायला हवी. मूत्रपिंड दोषी असेल, तर मीठ बाहेर टाकण्यातली खोट आधी दिसायला हवी. म्हणजे काय तपासायचं ते कळलं! कदाचित एका आजोबांचा गुन्हेगार एक असेल आणि दुसऱ्यांचा दुसरा. तसं असेल तर दोघांचं औषधही वेगळं असायला हवं. म्हणून तर हा शोध महत्त्वाचा.

गायटन २००३ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी, मोटार अपघातात गेले. पण त्यांचा आकड्यांचा माणूस वाढतोच आहे. त्यांच्याच विद्यापीठात त्या नकाशातून पुढे तयार झालेलं मॉडेल २०११ साली प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे पाच हजार बदलत्या राशींचा हिशेब आहे. काही चौकटी अजून वादातल्याच आहेत. त्या कुणीतरी दुरुस्त करायला हव्यात. तुमच्यापैकी कुणी करेल?

आई-बाबांसाठी दोन शब्द. गुन्हेगाराचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. कारण माहीत नसलं तरी दाब मोजता येतो आणि औषधाने उतरवताही येतो. मोठ्यांनी अधूनमधून तो मोजून घ्यावा. आपल्या खेळातल्या आकड्यांवर विसंबून कुणाची गोळी बंद करायची नाही, ते काम डॉक्टरांचं! मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावं. आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण आणि वेफर्समधलं मीठही धरायचं, बरं का!

आता तुमचा गृहपाठ. आळशी मूत्रपिंडाचा आपला माणूस १०८ वर अडकून बसलाय. मूत्रपिंड आळशीच ठेवा, फक्त मीठ १४ वरून १० मापांवर आणा. दाब कुठे जाऊन थांबतो? दहा-बारा दिवसांची आकडेमोड वहीत करा आणि ते पान आजोबांना दाखवा. डॉक्टरांनी मीठ कमी करायला का सांगितलं, ते त्यांना तुम्हीच समजावून सांगा!